आकाशाचे वेळापत्रक आणि आपल्या शाळा



खानदेशातल्या माणसाला नक्षत्रांची ओळख करून द्यावी लागत नाही, असे आपण अभिमानाने म्हणतो, आणि एका अर्थी ते खरेही आहे. रोहिणी बरसली का, मृगात पेरणी साधेल का, आर्द्रा कोरड्या जातील का, ही चर्चा आपल्या ओट्यांवर, बाजारात आणि एस. टी. च्या थांब्यावर दर वर्षी चालते. परंतु ज्या घरात ही चर्चा चालते, त्याच घरातल्या आठवी-नववीच्या मुलाला जवळ बसवून विचारावे, "बाबा रे, जूनच्या ७-८ तारखेला मृग लागला म्हणतात, म्हणजे काय झाले? तो मृग आम्हांला दाखव पाहू." पुष्कळ मुले गप्प राहतात. एखादा धीट मुलगा रात्रीच्या आकाशाकडे बोट करतो. आणि गंमत अशी, की जूनच्या रात्री मृग दिसतच नाही! सूर्य त्या तारकांच्या दिशेला आला, म्हणून तर आपण मृग लागला म्हणतो. त्या दिवसांत मृग सूर्याबरोबर उगवतो, सूर्याबरोबर मावळतो आणि त्याच्या तेजात लोपून जातो. तोच मृग डोळ्यांनी पाहायचा असेल, तर मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत अंगावर घोंगडी घेऊन अंगणात यावे लागते.

शब्द घरात आहे, वस्तू आकाशात आहे, आणि मुलाच्या मनात या दोहोंची गाठ पडलेली नाही. ही गाठ कशी घालावी, एवढाच आजचा आमचा विषय आहे. अवकाशविज्ञान म्हटले की श्रीहरिकोट्याचे अग्निबाण आणि चंद्रावर उतरलेले यान डोळ्यांपुढे येते, आणि हे काम आपल्या गावाचे नव्हे असे वाटू लागते. आमचे म्हणणे असे आहे, की या विज्ञानाचे पहिले धडे ऋतूंबरोबर आपोआप आपल्या दारी येतात. अडचण दुसरीच आहे. आकाशाला स्वतःचे वेळापत्रक आहे, शाळेला तिचे आहे, आणि ही दोन वेळापत्रके जुळत नाहीत. ती जुळवण्याचे काम एकट्या शिक्षकाच्याने होणारे नाही. त्यात गावाचा हात लागला पाहिजे.

आता आपल्यापुढे उन्हाळा आहे, तेव्हा वर्षाचा फेरा तेथूनच सुरू करू. मे महिन्याच्या २४-२५ तारखेच्या सुमारास धुळे आणि जळगाव या दोन्ही शहरांत भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुंध्यातच नाहीशी होते. याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडील आपल्या मुलखात हा योग वर्षातून दोनदाच येतो. दुसरा जुलैच्या १७-१८ तारखेस येतो, तेव्हा बहुधा ढग असतात. म्हणून मेमधलाच आपल्या हाती लागणारा. त्या दिवशी जळगावी सूर्य सुमारे १२ वाजून २५ मिनिटांनी माथ्यावर येतो आणि धुळ्याला १२ वाजून २८ मिनिटांनी. पंचांग उघडून पाहा: सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो तोही दिवस २५ मेच्याच आसपासचा. शेतकऱ्याची रोहिणी आणि शाळेतला अक्षांश एका दुपारी अंगणात भेटतात, आणि नेमकी त्याच दुपारी शाळा सुटीमुळे बंद असते!

ही काठी वर्षभर तशीच उभी ठेवली, तर तिच्यापासून किती शिकता येते ते पाहा. एक मीटर उंचीची सरळ काठी सपाट जागी ओळंब्याने उभी करावी. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास तिची मध्यान्हीची सावली साधारण ३८ सेंटिमीटर भरते. कागदावर हा त्रिकोण काढून कोनमापक लावला, की कोन येतो २१ अंश; आणि हाच आपला अक्षांश. डिसेंबरच्या २२ तारखेस तीच सावली जवळजवळ काठीइतकी, म्हणजे सुमारे ९८ सेंटिमीटर होते. जूनच्या २१ तारखेस ढगांनी कृपा केली, तर सावली जेमतेम चार सेंटिमीटरांची, आणि तीही उत्तरेला नव्हे, दक्षिणेला पडलेली दिसते. पुस्तकातले उत्तरायण-दक्षिणायन पाठ करायला मुलाला एक तास लागतो, आणि परीक्षेनंतर विसरायला तितकाही लागत नाही. अंगणात स्वतः आखलेली खूण मात्र तो विसरत नाही.

याच काठीचा आणखी एक प्रयोग आहे, आणि तो जळगाव व धुळे या जोडीसाठीच जणू ठरवून ठेवला आहे. ही दोन्ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. त्यामुळे सावलीची लांबी दोन्हीकडे सारखी, फरक पडतो तो वेळेत. काठीभोवती एक वर्तुळ आखावे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला शिवून आत शिरते ती वेळ लिहावी, आणि दुपारनंतर ते बाहेर पडते ती वेळ लिहावी. दोहोंचा मध्य म्हणजे त्या गावची खरी मध्यान्ह. आणि त्या दोन खुणा जोडणाऱ्या रेषेला काठीच्या बुंध्यातून काढलेला लंब म्हणजे उत्तर-दक्षिण रेषा. आपले जुने ज्योतिषी शंकूच्या साहाय्याने हेच करीत. हिवाळ्यातल्या एखाद्या स्वच्छ दिवशी जळगावच्या एका शाळेने आणि धुळ्याच्या एका शाळेने हे एकाच वेळी करावे आणि संध्याकाळी एकमेकांना फोन करावा. धुळ्याची मध्यान्ह सुमारे तीन मिनिटे नऊ सेकंद मागून आलेली आढळेल. दोन्ही शहरांमधले सरळ अंतर सुमारे ८२ किलोमीटर. म्हणजे सूर्य मिनिटाला २६ किलोमीटर पश्चिमेकडे सरकला. दिवसाची मिनिटे १,४४०. गुणाकार केला की उत्तर येते सुमारे साडेसदतीस हजार किलोमीटर, आणि आपल्या अक्षांशावरून पृथ्वीला घातलेला वळसा खरोखर तेवढाच आहे! विषुववृत्तावरचा वळसा चाळीस हजारांहून किंचित मोठा; आपण उत्तरेला २१ अंशांवर, म्हणून आपला लहान. घड्याळात अर्ध्या मिनिटाची चूक झाली, तर उत्तर पाच ते सात हजारांनी चुकेल हे खरे. पण चूक किती आणि कोठून आली हे शोधणे, हेच तर विज्ञानाचे शिक्षण. दोन गावच्या मुलांनी मिळून पृथ्वी मोजावी, यासारखी दुसरी मैत्री कोणती?

पावसाळ्यात आकाश बंद होते, पण धडा बंद होत नाही. तेव्हा आपण खालून वर पाहण्याऐवजी वरून खाली पाहावे. १७ फेब्रुवारी २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या इन्सॅट-३डीएस सारखे हवामान उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून ढगांची चित्रे पाठवतात. शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक ठेवावा, रोजचा पाऊस फळ्यावर लिहावा, आणि शेजारी त्या दिवशीचे ढगांचे चित्र लावावे. चार आठवड्यांत मुले स्वतःच विचारू लागतात, की चित्रात ढग असूनही आपल्याकडे पाऊस का नाही? आणि अमळनेर-पारोळ्याकडच्या मुलाच्या तोंडी हा प्रश्न नुसता अभ्यासाचा नसतो, घरच्या पेरणीचा असतो. केळीच्या बागांचेही तेच. फळे-भाज्यांखालचे क्षेत्र उपग्रहाच्या साहाय्याने मोजण्याचा जो 'चमन' नावाचा कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला, त्यातल्या पिकांत केळी होती. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परतवते. त्यावरून उपग्रह पीक ओळखतो. रावेर-यावलच्या मुलाला हे सांगा. अवकाशविज्ञान त्याच्या बांधापर्यंत आलेले त्याला दिसेल. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले, तेव्हापासून २३ ऑगस्ट हा राष्ट्रीय अंतराळ दिन झाला आहे. तो दिवस भाषणांनी साजरा करण्यापेक्षा अशा मोजमापाने साजरा झालेला आम्हांला अधिक आवडेल.

शरद आला की आकाश धुऊन निघते. ४ ते १० ऑक्टोबर हा जागतिक अंतराळ सप्ताह. पहिली तारीख १९५७ च्या पहिल्या कृत्रिम उपग्रहाची, दुसरी १९६७ साली अंमलात आलेल्या अवकाशविषयक आंतरराष्ट्रीय कराराची. याच सुमारास आपली कोजागरी येते. आपण गच्चीवर दूध आटवतो आणि चंद्राकडे पाहतो. परंतु दुर्बिणीतून चंद्र पाहायचा तर पौर्णिमा ही सर्वांत वाईट रात्र! तेव्हा उजेड समोरून पडतो आणि सावल्या उरत नाहीत. कोजागरीच्या आठवडाभर आधी, अष्टमीला, साधी दुर्बीण लावा. उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर विवरांच्या काठांच्या लांब सावल्या दिसतात, आणि चंद्र हा सपाट ताटलीसारखा नसून डोंगरदऱ्यांचा गोल आहे हे मुलाला एका क्षणात उमगते.

नंतर हिवाळा, आकाशाच्या शाळेचा खरा हंगाम. डिसेंबरात संध्याकाळ उलटताच पूर्वेला कृत्तिका, रोहिणी, मृग आणि पाठोपाठ व्याध वर येतात. व्याधाचा जो प्रकाश आज डोळ्यांत शिरतो, तो साडेआठ वर्षांपूर्वी तेथून निघालेला. म्हणजे तिसरी-चौथीतल्या मुलाच्या वयाचा. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून उल्का पडताना दिसतात. उल्कांचा विषय निघाला म्हणून सांगतो: १८४३ साली पूर्व खानदेशात, त्या वेळच्या एदलाबादजवळ म्हणजे आजच्या मुक्ताईनगरच्या परिसरात, मानेगाव येथे आकाशातून पाषाण पडला, आणि जगातल्या उल्कापाषाणांच्या याद्यांत तो त्या गावाच्या नावाने ओळखला जातो. तो डायोजेनाइट नावाच्या दुर्मिळ वर्गातला आहे. असे पाषाण वेस्टा या लघुग्रहावरून निखळून आले असावेत, असे शास्त्रज्ञ मानतात. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पाहायला आपण सहली नेतो, हे चांगलेच आहे. परंतु मुक्ताईनगरच्या किती शाळांत मानेगावचे नाव निघते?

हिवाळ्यातली आणखी एक सोपी मोजणी. मृगाचा चार ताऱ्यांचा चौकोन सर्वांना सापडतो. चंद्र नसलेल्या एकाच रात्री जळगावच्या बाजारपेठेतल्या गच्चीवरून आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या आश्रमशाळेच्या अंगणातून त्या चौकोनातले तारे मोजावेत. दोन आकड्यांतला फरक म्हणजे आपल्या दिव्यांनी आकाशातून पुसून टाकलेले तारे. आणि येथेच आमच्या मनाला लागणारी गोष्ट आहे. शहरातल्या मुलाजवळ पुस्तके आहेत, शिकवण्या आहेत, आकाश नाही. सातपुड्यातल्या मुलाजवळ तारे आहेत. त्यांच्याविषयी त्याच्याशी बोलायला मात्र कोणी नाही.

जानेवारी उजाडला, की संधींचे दिवस सुरू होतात आणि शाळा परीक्षांच्या गडबडीत पडते. इस्रोने २०१९ साली नववीच्या विद्यार्थ्यांसाठी 'युविका' हा कार्यक्रम सुरू केला. आतापर्यंतचा शिरस्ता असा, की फेब्रुवारी-मार्चमध्ये नोंदणी होते आणि मे महिन्यात दोन आठवडे मुले अहमदाबाद, श्रीहरिकोटा, तिरुवनंतपुरम यांसारख्या इस्रोच्या केंद्रांत राहून शिकतात. प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च संस्था करते. आणि पंचायत क्षेत्रातल्या शाळेत शिकणाऱ्याला निवडीत वेगळे गुण मिळतात. म्हणजे ही संधी चोपडा-शिरपूर-साक्रीच्या खेड्यांतल्या मुलासाठीच विशेष करून ठेवलेली आहे. पण नोंदणीची तारीख त्याला कळायची कशी? २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाच्या सुमारास नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण लोकांना पाहण्यास खुली करतात; ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना तेथे एकत्र काम करतात. पुण्याच्या 'आयुका'तही त्या दिवशी मुलांची गर्दी होते. खगोलशास्त्र ऑलिंपियाडची पहिली परीक्षा नोव्हेंबरात असते. तिच्या पुढची शिबिरे मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र घेते, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये जगभरचे विद्यार्थी या स्पर्धेसाठी मुंबईतच जमले होते. शिक्षकांसाठी देहरादूनची भारतीय दूरसंवेदन संस्था २००७ पासून दूरशिक्षणाचे वर्ग चालवते. त्यासाठी गाव सोडावे लागत नाही.

कोणी म्हणेल, हे परीक्षेत येत नाही. खरे आहे, परंतु कोन, त्रिकोण, गुणोत्तर, अक्षांश, प्रकाशाचे परावर्तन हे सारे परीक्षेत येतेच, आणि ज्याने काठीची सावली मोजली त्याला ते घोकावे लागत नाही. कोणी म्हणेल, ग्रहणाच्या वेळी मुलांना बाहेर काढायचे काय? येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहणे खरोखरच घातक आहे, ग्रहण असो वा नसो. काजळी धरलेली काच किंवा क्ष-किरणांची फिल्म यांवर मुळीच विसंबू नये. पण पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून सूर्याची प्रतिमा भिंतीवर पाडण्यात कसलाही धोका नाही, आणि ती पाहण्यात कसलाही दोष नाही. २२ जुलै २००९ रोजी सकाळी खग्रास ग्रहणाची छाया सुरतेवरून इंदूर-भोपाळकडे गेली, खानदेशाला जवळजवळ घासूनच. पण पावसाळी ढगांनी पुष्कळांची निराशा केली. २ ऑगस्ट २०२७ चे ग्रहण आफ्रिकेच्या उत्तर भागात खग्रास आहे, आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास. ढग आपल्या हातांत नाहीत. मुलाला घरात कोंडायचे की त्याच्या हाती पुठ्ठा द्यायचा, एवढे मात्र आपल्या हातांत आहे.

राहता राहिला खर्चाचा प्रश्न. आणि त्याचे उत्तर देण्यासाठी आम्ही आपल्याला चाळीसगावजवळच्या पाटणला नेणार आहोत. तेथल्या देवळातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये विद्वानांच्या नजरेस आणला. 'सिद्धांतशिरोमणी' १९५० साली नव्हे, ११५० साली लिहिणारे भास्कराचार्य. त्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघण याच्या पदरी मुख्य ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटण येथे मठ स्थापला, आणि निकुंभ वंशातल्या सोइदेवाने त्यासाठी इ. स. १२०७ मध्ये, श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाच्या वेळी, दान दिले. भास्कराचार्यांचे जन्मगाव कोणते याविषयी वाद आहे, तो पंडितांनी करावा. आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो लेखाचा शेवट, कारण तो जुन्या मराठीत आहे, आणि त्यात राजाची थोरवी नसून बाजाराचा हिशेब आहे. गावच्या पेठेत जो माल विकला जाई, त्यावरच्या करातला वाटा मठाला. आणि जितके तेलाचे घाणे चालत, त्या प्रत्येकामागे पळीभर तेल मठाला!

बंधुभगिनींनो, ग्रहणाच्या दिवशी या भूमीतल्या लोकांनी आकाशाच्या अभ्यासासाठी देणगी दिली, आणि ती पळीपळीने गावाने पोसली. यापेक्षा मोठा दाखला आम्ही कोठून आणावा? त्याच भास्कराचार्यांनी यंत्रांचे वर्णन करताना शेवटी 'धीयंत्र', म्हणजे बुद्धीचे यंत्र, सर्वांत श्रेष्ठ ठरवले. आणि त्याला लागते फक्त हातातली एक काठी. तेव्हा आम्ही आपल्याकडे वेधशाळा मागत नाही. पळीभर तेल मागतो.

ते असे. ज्यांची घरे शहराबाहेर आहेत, त्यांनी हिवाळ्यातल्या दोन रात्री आपली गच्ची शेजारच्या शाळेला द्यावी. एखाद्या वाचनालयाने दर्शनी फळ्यावर महिन्याच्या आकाशातल्या आणि शिबिरांच्या तारखा लिहाव्यात, आणि निवृत्त शिक्षकांपैकी कोणी एकाने त्या तालुक्याच्या शाळांना कळवण्याचे काम अंगावर घ्यावे. व्यापारी मंडळींनी वर्षातून एकदा एका आश्रमशाळेच्या मुलांचे खोडदपर्यंतचे बसभाडे द्यावे. आणि पालकांनी येत्या २४-२५ मेला, सुटी असली तरी, मुलाला दुपारी बारानंतर अर्धा तास अंगणात उभे करावे. डोक्याला रुमाल बांधून, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवून.

सावली नाहीशी होते तेव्हा मुलगा पहिला प्रश्न विचारील, "आता ती गेली कोठे?" त्याचे उत्तर आपल्याला देता आले नाही तरी चालेल, तो प्रश्न शाळेपर्यंत पोहोचेल एवढे मात्र पाहावे.